चौदा बोटी आणि लुईझाचं मत

पाचूबंदरातल्या पुरुषांची सिनेमाविषयी फार ठाम मतं आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी गेल्या पाच वर्षांत थिएटरचं दारही पाहिलेलं नाही. कुठल्या हिरोनं आता वय मान्य करून बापाच्या भूमिका घ्याव्यात, कुठल्या गाण्यात गाणाऱ्याचा गळा कमी आणि मशीन जास्त, नवरीनं काळा चष्मा लावून चर्चच्या पायऱ्या चढाव्यात की नाही, हे बंदरावर जाळं सांधत बसलेल्या कुणालाही विचारा. तो हातातलं काम न थांबवता सांगेल. थोडं खोदून विचारलंत तर कळेल, की हे मत त्याचं नाहीच. ते मार्सेल तांडेलाच्या बायकोचं आहे.

मार्सेल हा ‘देवमाता’ बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो. वय पंचावन्न, अंग दणकट, बोलणं अगदी बेताचं. जेवण कसं झालंय विचारलं तर ‘बरा हाय’, फादरांचं प्रवचन कसं झालं विचारलं तर ‘बरा हाय’, आणि मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या दारात नर्सनं अभिनंदन केलं तर तिलाही हा माणूस ‘बरा’ म्हणाला होता. त्याची बायको लुईझा नेमकी उलटी. देवानं दोघांच्या वाट्याचं बोलणं एकाच टोपलीत ओतलं आणि ती टोपली लुईझाच्या डोक्यावर ठेवली, असं तिची शेजारीण सालोमी म्हणायची.

बोट एकदा गेली की सहा-सात दिवस परत येत नाही. काही तासांतच फोनची रेंज संपते, मग पाणी, जाळं आणि बर्फ. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्यातली निम्मी मार्सेल पाण्यावरच होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मेलिसानं, जी अंधेरीला नोकरी करते, आईला फोनमध्ये आवाज भरून ठेवायला शिकवलं. तेव्हापासून लुईझानं नेम धरला. सकाळी बाजारात मासळी विकायची, दुपारी घरी येऊन हातपाय धुवायचे, फोनवर पिक्चर नाहीतर गाणी लावायची, आणि संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेआधी त्या सगळ्यावरचं आपलं मत मार्सेलसाठी भरून ठेवायचं. रोजचं एक, अशी आठवड्याची सात. बोट निघायच्या दिवशी ती सगळी त्याच्या फोनमध्ये घालायची आणि बजावायची, “सोमवारचा सोमवारी ऐकायचा. सगला एकदम खाऊ नको.”

तिचं मत ऐकण्यासारखं असायचं यात शंका नाही. एका पिक्चरमध्ये हिरॉइन कोळीण दाखवली होती. लुईझा म्हणाली, “मार्स्या, तिच्या डोक्यावरची टोपली रिकामी हाय रे. भरल्या टोपलीखाली मान अशी हलत नाय. आनि नखं बघ तिची, त्या नखांनी ती सुरमई साफ करनार? सुरमईच हसेल.” त्याच पिक्चरमध्ये हिरो रागानं घर सोडून जातो, बारा वर्षांनी परत येतो, एक गाणं म्हणतो आणि ती त्याला माफ करते. यावर लुईझा चांगलीच तापली होती. “एका गान्यात माफ? बारा वर्सं म्हनजे बारा गानी तरी पायजेल. आनि मधी जेवाया पन देऊ नये.”

नव्या फॅशनवर तर ती सुटायचीच. सालोमीच्या मुलीच्या लग्नात नवरीचा गाऊन फिकट, करवल्यांचे झगे फिकट, फुलं फिकट, केकही फिकट. “आता सगल्यांचीच लग्नं अशी. लग्न हाय का कोन आजारी हाय, कलत नाय. आनि नवऱ्याची पँट घोट्याच्या वर. मना वाटला चर्चमधी पानी भरलाय.” शिट्टीचं म्हणून एक गाणं त्या महिन्यात जिकडेतिकडे वाजत होतं, प्रत्येक कडव्याआधी लांब शिट्टी. त्याच्यावर तिनं लागोपाठ तीन दिवस खर्ची घातले. “एकच ओल चौदा वेला. मी पापलेट पापलेट करून चौदा वेला ओरडले तर गिऱ्हाईक पलून जाईल. आनि ती शिट्टी! रस्त्यावर वाजवली तर आपन चप्पल काढतो, गान्यात वाजवली की नाचतो.”

पण प्रत्येक वेळी, अगदी शेवटी, ती थांबायची. मग आवाज खाली यायचा. “बरा. आता हा तुझ्यापुरता.” आणि पुढचं एक मिनिट ती खरं सांगायची. त्या माफीवाल्या पिक्चरच्या शेवटच्या मिनिटात ती म्हणाली होती, “मी रडले पन. गानी बारा पायजेल ते खरा, पन त्यानी दारावर हात ठेवला तवाच मी रडले. कोनाला सांगू नको.” मार्सेलला वाटायचं, आपण आठवडाभर समुद्रात राहतो ते या सात मिनिटांसाठी. हे तो लुईझाला कधी बोलला नव्हता. तिनं परत आल्यावर विचारलं, कसं वाटलं ऐकून, तर तो काय म्हणायचा ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता चूक कशी झाली ते सांगतो. पहिले काही महिने मार्सेल केबिनमध्ये एकटा ऐकायचा. मग सुरजला कळलं. सुरज त्याचा खलाशी, अर्नाळ्याचा, तिशीतला, आणि बाहेर उभा राहून हसताना सापडलेला. मग चारही खलाशी येऊन बसू लागले. मग शेजारून जाणाऱ्या बोटीनं वायरलेसवर विचारलं की तुमच्यात काय चाललंय एवढं, आणि मार्सेलनं फोन वायरलेसच्या माइकपुढे धरला. दोन महिन्यांत अशी गत झाली, की संध्याकाळी सहाला आसपासच्या चौदा बोटी आपला ठरलेला चॅनल लावून लुईझाची वाट बघत बसायच्या.

माइकचं बटण बोलेपर्यंत दाबून धरावं लागतं. वीस मिनिटं कोण धरून बसणार? मार्सेलनं खेकड्यांच्या नांग्या बांधायचा जाड लाल रबर त्या बटणावर चढवला. माइक दाबलेला राहिला, हात मोकळे झाले. एक मात्र होतं, माइक दाबलेला असेपर्यंत बाकीच्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. त्यानं काही बिघडत नव्हतं. लुईझा ‘बरा, आता हा’ म्हणायच्या आत मार्सेल रबर काढायचा, आणि ते शेवटचं मिनिट फोन कानाला लावून, केबिनचं दार ओढून, एकटा ऐकायचा. दोन वर्षांत एकदाही त्याचा हात चुकला नाही.

आणि लुईझाला हे माहीत होतं का? नव्हतं. सांगायचं राहून गेलं, असं मार्सेल स्वतःला म्हणायचा. दोन वर्षं राहून गेलं. लुईझाला उलट नवल वाटायचं. ती घरी येऊन सांगायची, “आज तो बर्फवाला पन बोलला, लग्नं हल्ली आजारी दिसतात म्हनून. बघ, माज्यासारखाच सगल्यांना वाटतं.” तिचा चेहरा तेव्हा इतका खुलायचा, की खरं सांगायला मार्सेलचं तोंड उघडत नसे. तसं ते एरवीही कुठे उघडायचं म्हणा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बोटी परतीला लागल्या होत्या. किनारा जवळ आलेला, चार वाजलेले, आणि एरवी किनारा लांब असतानाच ऐकून व्हायचं ते शनिवारचं मत आज राहिलेलं. मार्सेलनं रबर चढवला, फोन माइकसमोर ठेवला. लुईझानं शिट्टीच्या गाण्याचा उरलासुरला समाचार घ्यायला सुरुवात केली, आणि बोटीखाली घरघर करून इंजिन बंद पडलं. कुणाचा तरी तुटका दोर पंख्यात गुंडाळला गेला होता. मार्सेल आणि खलाशी मागच्या बाजूला धावले. दोघे पाण्यात उतरले, दोर कापला, सोडवला. तब्बल पंचवीस मिनिटं गेली.

मार्सेल ओला केबिनमध्ये आला तेव्हा फोन गप्प झाला होता. रबर मात्र बटणावर तसाच होता. त्यानं तो काढला. एरवी रबर निघाला की चॅनलवर हशा आणि आरडाओरडा असायचा. आज चौदा बोटींतून आवाज नव्हता. मग एकजण घसा साफ करून म्हणाला, “तांडेल, आमी ऐकला नाय काय.” म्हणजे सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर किनाऱ्यावरून सालोमीचा आवाज आला. मच्छीमार सोसायटीच्या हापिसात एक वायरलेस आहे, बोटी जवळ आल्या की त्यावर ऐकू येतं. कुठली बोट किती वाजता लागणार हे विचारायला बायका तिथे उभ्या असतात. “मार्सेल,” सालोमी म्हणाली, “लुईझा हितंच होती. सगला ऐकला तिनी. आता गेली घरी.”

मार्सेलनं दार ओढून फोन कानाला लावला आणि ते मिनिट ऐकलं. “बरा. आता हा तुझ्यापुरता. त्या शिट्टीच्या गान्याला मी लय बोलले. पन आज भाकऱ्या करताना लागला आनि मी नाचले. मेलिसाचा तो बिनबाह्यांचा झगा घातला, आनि आरशासमोर नाचले. वाईट दिसत नाय रे मी अजून. तू हवा होतास. लग्नात सगले नाचले, तू नाय नाचलास, तुझे बूट चावत होते. तो एक नाच राहिलाय आपला. शिट्टी मना पन वाजवता येते, तुना माहीत नाय.” आणि मग लुईझानं, बावन्न वर्षांच्या, दोन वेळा रोझरी करणाऱ्या लुईझानं, हलकेच शिट्टी वाजवली होती.

हे चौदा बोटींवरच्या साठ-सत्तर पुरुषांनी ऐकलं होतं. आणि किनाऱ्यावर, आपल्याच आवाजासमोर, माना वळवून बघणाऱ्या बायकांमध्ये ती उभी होती. मार्सेलला केबिनच्या फळीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण तांडेलानं डोकं आपटून बोट किनाऱ्याला लागत नाही, म्हणून तो सुकाणूवर गेला.

घरी तो माफी मागायची म्हणूनच गेला होता. लुईझानं ताट वाढलं. तो म्हणाला, “चुकला माझा.” ती म्हणाली, “भात घे.” तो म्हणाला, “दोर अडकला पंख्यात.” तेव्हा तिनं त्याच्याकडे बघितलं. “दोर आज अडकला. दोन वर्सं काय अडकला होता तुझा? मी तुझ्याशी बोलत होते मार्सेल. मना वाटला, मी घरात बोलते.” मार्स्या नव्हे, मार्सेल. एवढंच बोलून ती भांडी घासायला उठली.

बंदरातले लोक वाईट नाहीत, पण गप्प बसणं त्यांना जमत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात लुईझा टोपली घेऊन शिरली आणि बर्फाच्या गाडीमागून कुणीतरी ती शिट्टी वाजवली. लांब, सुरात, तंतोतंत. लोक हसले. त्यात वाकडं काही नव्हतं, खरं तर सगळ्यांचा जीव होता तिच्यावर. पण लुईझा त्या दिवशी मासळीचा भाव नीट सांगू शकली नाही. आरडाओरडा करणारी बाई हळू आवाजात भाव सांगू लागली, तसे लोकही ओशाळले आणि शिट्टी आपोआप बंद झाली. उपयोग काही झाला नाही.

सोमवारी पहाटे बोट निघाली. डब्यात सुकटीची चटणी होती, भाकऱ्या होत्या, धुतलेला टॉवेल होता. फोनमध्ये काही नव्हतं. त्याच संध्याकाळी सहाला चौदा बोटी चॅनलवर आल्या आणि वाट बघून निघून गेल्या. बुधवारी सुरजला राहवलं नाही. त्यानं स्वतः एका नव्या गाण्यावर मत दिलं. म्हणाला, गाणं छान आहे, बीट छान आहे, हिरॉइन छान आहे. पलीकडच्या बोटीनं विचारलं, “आनि?” सुरजला पुढे काही सुचेना. पुन्हा कुणी प्रयत्न केला नाही.

त्या फेरीहून परतल्यावर मार्सेलनं मोठ्या हिमतीनं विचारलं, “नवीन पिक्चर बघितलास का?”

“बघितला,” लुईझा म्हणाली.

“कसा हाय?”

“बरा हाय.”

अठ्ठावीस वर्षं आपण हा शब्द कुणाच्या अंगावर टाकत होतो, ते मार्सेलला त्या क्षणी समजलं. तो ओट्यावर जाऊन बसला. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, टीव्हीचा नव्हता. आपण बायकोचं बोलणं घालवून बसलोय हे त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि ते परत कसं आणायचं हे अजिबात दिसत नव्हतं.

पुढची फेरीही मुकीच गेली. त्यानंतर इंजिनच्या कामासाठी बोट तीन दिवस बंदरात राहिली, आणि मार्सेलनं मेलिसाला फोन करून विचारलं, तो कोळणीचा पिक्चर अजून कुठे लागलाय का. मेलिसा आधी हसली, मग हसायची थांबली.

“पप्पा, तू एकटा जाणार? लास्ट टाइम तू थिएटरमध्ये गेला होतास तेव्हा मी केजीमध्ये होते. आणि मम्मीने तर धुतलंय त्या पिक्चरला.”

“तू तिकीट काढ,” मार्सेल म्हणाला. “आनि मम्मीला सांगू नको.”

नालासोपाऱ्याच्या एका थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला सगळी मिळून अकरा माणसं होती. मार्सेल इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये मिस्सेला बसतात तसा बसला. टोपली खरंच रिकामी होती. नखं खरंच लांब होती. वादळात हिरोनं बोट अशी वळवली, की खरी असती तर पहिल्याच लाटेला उलटली असती. लुईझाचं प्रत्येक वाक्य त्याच्या कानात येत होतं, आणि ती बाजूला नव्हती. मग तो हिरो परत आला, त्यानं दारावर हात ठेवला, आणि पंचावन्न वर्षांच्या तांडेलानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

बोट निघायच्या सकाळी तो बाजारात सालोमीकडे गेला. “शनिवारी चार वाजता लुईझाला हापिसात आन,” तो म्हणाला. “कायपन सांग, पन आन.”

सालोमीनं बोंबलांवर पाणी मारलं. “माझ्या पोरीच्या लग्नाला आजारी बोलली ती. चौदा बोटींनी ऐकला.”

मार्सेलनं तिची टोपली उन्हातून सावलीत सरकवून दिली.

“फिकट होताच जरा,” सालोमी म्हणाली. “आनते.”

शनिवारी परतीच्या वाटेवर, किनारा जवळ आल्यावर, मार्सेलनं रबर काढून माइकवर चढवला. सुरज दारात उभा होता. “तांडेल, शेवटी रबर मी काढू का?” त्यानं विचारलं. मार्सेल नको म्हणाला. मग तो माइकपुढे बसला. बटण दाबलेलं असल्यामुळे चौदा बोटींना त्याचा श्वास तेवढा ऐकू जात होता.

“मी मार्सेल, देवमाता,” तो शेवटी म्हणाला. “तो कोलनीचा पिक्चर मी बघितला. लुईझा बोलली ते सगला खरा हाय. टोपली रिकामी हाय. बोट चुकीची वलवली. गानी मना कलत नाय. पन पिक्चर मना आवडला. कशाला आवडला, सांगतो. तो मानूस चुकतो, आनि परत येतो, आनि ती दार उघडते. मना वाटला, उघडत असेल कोन तर बरा.” तो थांबला. “बरा नाय. चांगला. मना चांगला वाटला असता.”

सुरजनं मान खाली घातली.

“त्या सात मिनिटांसाठी मी समुद्रात राहायचो, लुईझा. तुना कधी बोललो नाय. बाकीचा मी सगल्यांना ऐकवला, कारन मना फुशारकी वाटायची. माझी बायको एवढी हुशार हाय, ती मनाच कशाला पायजेल, सगल्यांनी बघावी. पन तुना विचारला नाय. ती माझी चूक. दोराची नाय.”

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. पुढचं त्यानं थिएटरमध्येच ठरवलं होतं, पण ठरवणं वेगळं.

“बरा. आता हा तुझ्यापुरता. पन तुझा सगल्यांनी ऐकला, तर माझापन ऐकू दे. आपल्या लग्नात माझे बूट चावत नव्हते. मना नाच येत नाय. तू अशी नाचत होतीस का सगला मंडप बघत होता, आनि मना भ्याव वाटला का मी बाजूला उभा राहिलो तर लोक हसतील. म्हनून बुटाचा बोललो. अठ्ठावीस वर्सं झाली. झाला माझा.”

आता रबर काढायचा होता. रबर असेपर्यंत पलीकडून काही ऐकू येणार नव्हतं, आणि मार्सेलला वाटलं की राहू द्यावा तसाच, बंदराला लागेपर्यंत. भर वादळात तो इतका घाबरला नव्हता. त्यानं रबर काढला आणि खिशात टाकला.

चॅनलवर कुणी हसलं नाही. मग किनाऱ्यावरच्या वायरलेसचं बटण दाबल्याचा आवाज आला.

“मार्स्या,” लुईझा म्हणाली, “त्यानी दारावर हात ठेवला तवा, का आधी?”

मार्सेलला क्षणभर कळेना ती काय विचारतेय. मग कळलं, आपण कधी रडलो ते. “हात ठेवला तवा,” तो म्हणाला.

“मना पन तवाच,” लुईझा म्हणाली. “बाकी तुझा मत चुकीचा हाय. पिक्चर वाईटच हाय. ये घरी.” मग जरा थांबून, नेहमीच्या बाजारातल्या आवाजात, “आनि तुमी चौदा जन, कामं करा आपापली.”

तेव्हा कुठे हशा उसळला. एकामागून एक बोटींनी भोंगे वाजवले. सुरजनं नाक शिंकरलं आणि कुणी सांगण्याआधीच इंजिनचा वेग वाढवला.

‘देवमाता’ बंदराला लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. बायका टोपल्या घेऊन पुढे आल्या होत्या, लिलावाची गडबड सुरू झाली होती. लुईझा त्यांच्यात नव्हती. ती जरा बाजूला, वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी उभी होती. मार्सेल उतरून तिच्याकडे गेला.

“ते बूट,” लुईझा म्हणाली, “माज्या भावाचे होते. तुझ्याकडे चांगले बूट नव्हते म्हनून माज्या आईनी तुझ्या घरी पाठवले. एक नंबर मोठे. निसटू नयेत म्हनून आदल्या दिवशी पुढच्या बाजूला कापूस मीच भरला. मोठा बूट कापूस घालून चावतो का कवा?”

मार्सेलनं स्वतःच्या पायांकडे बघितलं.

“मंग इतकी वर्सं बोलली का नायस?”

“तू बोलतोस का बघत होते,” लुईझा म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले आणि या वेळी बाहीवर मासळीचे खवले होते, म्हणून त्याला ते पुसता येईनात. लुईझानं पदरानं पुसले, भर बंदरात. मग तिनं हात पुढे केला. “तो रबर दे इकडे.”

मार्सेलनं खिशातून लाल रबर काढून दिला. तिनं तो दोनदा ताणून बघितला, पाठीवर सुटलेले केस गोळा केले आणि अंबाड्याला घट्ट बसवला.

“भाकऱ्या करायच्यात,” ती म्हणाली. “गाना मी लावते. तू चप्पल काढून ये.”

आणि टोपली उचलून ती पुढे चालू लागली. जाळ्यांच्या पलीकडे गेल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, तिनं हळूच शिट्टी वाजवली. मार्सेलनं ती ऐकली आणि तो तिच्या मागोमाग घरी गेला.